साठीत जपानी शिकायला घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेतून निवृत्त झालात, वय एकसष्ट. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात रोज सकाळी फिरता फिरता जपानी बागांचा नाद लागला आणि आता भाषाच शिकावीशी वाटते. नोकरी नको, तिकडे जाऊन राहायचं नाही, निव्वळ हौस. पण शिक्षण मराठी माध्यमात झालेलं, इंग्रजी बेताचं, आणि पाठांतर पूर्वीसारखं होत नाही. तेव्हा जमेल का, क्लास लावावा का, कांजीचं, म्हणजे त्या चिनी चित्राक्षरांचं, काय करायचं, परीक्षा द्यावी का?

जमेल. मी पुण्यात बरीच वर्षं संध्याकाळच्या वर्गांना जपानी शिकवते. त्यात कॉलेजची मुलं असतात, आयटीवाले असतात आणि दर वर्षी दोन-चार निवृत्त मंडळीही असतात. या मंडळींची गाडी अडते ती वयापेक्षा पुस्तकाच्या भाषेपाशी. जपानीचं बहुतेक साहित्य इंग्रजीतून समजावलेलं. म्हणजे आधी जपानी वाक्य इंग्रजीत उलटं करायचं, मग ते मराठीत सुलटं करायचं. दोन्हीकडे क्रियापद शेवटी, दोन्हीकडे शब्दाला मागून प्रत्यय, आणि तरी मध्ये हा वळसा! तुमचं इंग्रजी बेताचं आहे म्हणून तुम्ही काळजी करताय. माझ्या मते तुमची सुरुवात त्यामुळे सोपी होणार आहे.

इंटरनेटवर २२०० तासांचा एक आकडा फिरतो, तो तुमच्याही पाहण्यात आला असेल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषासंस्था आहे, तिचा तो अंदाज. इंग्रजी मातृभाषा असलेल्या राजनैतिक अधिकाऱ्यांना कामकाज चालवण्याइतकं जपानी यायला इतके वर्गातले तास लागतात, एवढाच त्याचा अर्थ. तुमची मातृभाषा इंग्रजी नाही आणि तुम्हाला करारनामे वाचायचे नाहीत. तो आकडा सोडून द्या.

आता लिपीपासून सुरू करू. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. त्यांचा क्रम बघा: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. क, च, ट, त, प, म, य, र, ल, व म्हणत आपण लहानपणी जी बाराखडी घोकली, तिचीच ही सावली आहे. बौद्ध भिक्खूंबरोबर सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं वर्णशास्त्र जपानात पोचलं, आणि त्यावरून तिथल्या पंडितांनी आपली अक्षरं लावली. 'प'च्या जागी 'हा' दिसतो, कारण हा उच्चार एके काळी 'प'च होता. म्हणूनच 'हा'वर दोन रेघोट्या दिल्या की तो 'बा' होतो. वर्गातली मुलं हे निमूट पाठ करतात. वर्णमाला तोंडपाठ असलेल्याला त्यात पाठ करण्यासारखं थोडंच उरतं.

उच्चारांचंही तसंच. 'ता'ची ओळ ता, चि, त्सु, ते, तो अशी चालते आणि 'सा'ची सा, शि, सु, से, सो. इंग्रजी पुस्तकं याला अपवाद म्हणतात. आपण 'उंच' म्हणतो पण 'उंची' म्हणताना च बदलतो. 'म्हैस' म्हणतो पण अनेकवचन 'म्हशी'. 'इ' आली की हे व्यंजन सरकतं, ते आपल्या जिभेला न सांगता कळतं. आणि 'त्सु' म्हणजे चुन्यातला, चुलीतला 'चु'. सुनामी, ट्सुनामी करत लोक अडखळतात. तुम्ही चुन्याचा 'चु' लावा, झालं काम.

फक्त देवनागरीत लिहून शिकण्याची सवय लावू नका. पहिले दोन-तीन आठवडे आधार म्हणून ठीक. पुढे ती दगा देते, आणि कुठे ते नीट समजून घ्या. आपल्या लिपीत 'ओ'ला ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. 'कोको' म्हणजे 'इथे', आणि दोन्ही 'ओ' लांबवले की तोच शब्द 'उच्च माध्यमिक शाळा' होतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू. मधला 'बा' एक मात्रा जास्त ओढला की आजी. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसणार. त्यात आपण मराठी माणसं बोलताना ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पत्रास ठेवत नाही, लिहितानाच काय ती मारामारी. मराठी विद्यार्थ्याच्या जपानीतला सगळ्यात चिवट दोष हाच. उपाय एकच: पहिल्या दिवसापासून ऐकून, मोठ्याने, टेबलावर बोटाने मात्रा मोजत म्हणायचं. को-ओ-को-ओ, चार टकटक. घरातले हसतील, हसू द्या.

व्याकरणाकडे येते, कारण मराठी माणसाची खरी चैन इथे आहे. प्रत्यय आधी पाहा. 'नो' म्हणजे चा-ची-चे, आणि त्याला लिंगवचन नाही. 'कारा' म्हणजे पासून, 'मादे' म्हणजे पर्यंत. 'दे' कधी 'ने', कधी 'मध्ये'. वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न होतो, आपल्या 'का'सारखाच. शेवटी 'ने' लावला की आपला 'ना'. 'ई देसु ने' म्हणजे 'छान आहे ना'. 'मला मांजर आवडतं' या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता आणि आवडून घेणारा 'मला', ही आपली रचना इंग्रजीवाल्यांच्या गळी उतरता उतरत नाही. जपानीत जवळजवळ तशीच आहे. 'मी काल घेतलेलं पुस्तक' यात पुस्तकाचं सगळं वर्णन आधी येतं आणि पुस्तक शेवटी. जपानीतही शब्दाला शब्द त्याच क्रमाने.

सगळ्यात मोठी गंमत 'ते' रूपाची. 'ताबेरु' म्हणजे खाणे, 'ताबेते' म्हणजे खाऊन. पुण्यातल्या बहुतेक वर्गांत 'मिन्ना नो निहोंगो' हे पाठ्यपुस्तक चालतं. त्याच्या चौदाव्या धड्यात हे रूप येतं आणि अर्धा वर्ग तिथे गळतो, कारण क्रियापदागणिक ते बनवण्याचे नियम पाठ करावे लागतात. तेवढा घाट चढलात की पुढे उतार आहे. 'ताबेते मिरु': मिरु म्हणजे बघणे, म्हणून खाऊन बघणे. 'कात्ते ओकु': विकत आणून ठेवणे. 'ताबेते शिमात्ता': खाऊन टाकलं, आणि त्यात आपल्या 'टाकलं'मधली हळहळसुद्धा आहे. 'मोत्ते कुरु' घेऊन येणे, 'मोत्ते इकु' घेऊन जाणे. यातलं एकेक रूप पुस्तकात वेगवेगळ्या धड्यात येतं, 'शिमाउ' एकोणतिसाव्या, 'ओकु' तिसाव्या, 'मिरु' थेट चाळिसाव्या, आणि प्रत्येकाला इंग्रजीत परिच्छेदभर स्पष्टीकरण. मी वर्गात फळ्यावर मराठी लिहिते आणि पुढे जाते.

घराबाहेर पडताना आपण 'जातो' म्हणत नाही. 'येतो' म्हणतो, फार तर 'जाऊन येतो'. जपानी माणूस दारात 'इत्ते किमासु' म्हणतो. 'इत्ते' म्हणजे जाऊन, 'किमासु' म्हणजे येतो. घरात राहणारा म्हणतो 'इत्ते इराश्शाय', जाऊन या. या वाक्यापाशी निवृत्त मंडळींचे डोळे हमखास चमकतात. विशीतल्या मुलांना ते परीक्षेत येतं का, एवढंच विचारायचं असतं.

तुम्ही बँकेतले, म्हणून आकड्यांचंही सांगते. एक ते शंभर हा जपानीत दहा-अकरा शब्दांचा खेळ: सत्तेचाळीस म्हणजे 'चार-दहा-सात', योन-जू-नाना. एकोणपन्नास-एकोणसाठचा आपला घोळ तिथे नाही. मोठे आकडे मात्र चार-चार शून्यांनी चालतात. दहा हजार म्हणजे एक 'मान'. लाख म्हणजे दहा मान, दहा लाख म्हणजे शंभर मान, कोटी म्हणजे हजार मान, आणि दहा कोटींना 'ओकु' हा नवा शब्द. हजार-मिलियनच्या मार्गाने गेलात तर डोकं फिरेल, लाख-कोटीवरून थेट मानवर उडी मारा. माणसं मोजताना हितोरि, फुतारि, सान्निन. आपलं एकटा, दोघं, तिघं. माणसांना वेगळे आकडे लागतात हे आपल्याला कुणी समजवायला नको. बाकी वस्तूंच्या मोजणीत, म्हणजे लांबट वस्तूंना 'होन', सपाट वस्तूंना 'माइ', छोट्या प्राण्यांना 'हिकि', आणि त्यातही इप्पिकि, निहिकि, सान्बिकि असे उच्चार बदलणार, तिथे मात्र मराठीचा काही उपयोग नाही. ते घोकावंच लागतं.

मराठी हात देत नाही अशा आणखी दोन जागा सांगून ठेवते, नाहीतर वाटेल सगळं आयतंच आहे. एक म्हणजे 'वा' आणि 'गा' हे दोन प्रत्यय. 'मी आलो' आणि 'मीच आलो' या फरकावरून सुरुवातीला काम भागतं, पण पुरं नाही पडत. वाचून वाचूनच ते अंगात मुरतं. दुसरी म्हणजे देणं-घेणं. आपल्याला एक 'देणे' पुरतं. जपानीत मी दुसऱ्याला दिलं तर 'आगेरु', दुसऱ्याने मला दिलं तर 'कुरेरु', आणि वरच्या-खालच्या माणसाप्रमाणे त्याचीही वेगळी रूपं. तू-तुम्ही-आपणची सवय असल्यामुळे आदराची कल्पना कळते, पण कुठलं क्रियापद कुठे याला महिने जातात.

आता कांजी. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीत २१३६ कांजी आहेत, २०१० च्या सुधारणेपासून. हा आकडा ऐकून लोक परत फिरतात. तिथली मुलं त्यातल्या १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात, म्हणजे ज्यांना दिवसभर दुसरा उद्योग नाही त्यांनाही सहा वर्षं लागतात. तुम्हाला घाई कसली? शिवाय हौशी माणसाला सगळ्या लागतही नाहीत.

खरी कटकट आकड्याची नाही, एकाच कांजीला दोन-दोन, तीन-तीन वाचनं असतात त्याची. पण यालाही मराठीत जोड आहे. पेल्यात पाणी, पण पोहण्याच्या स्पर्धेला जलतरण. आपण पाणीतरण म्हणत नाही. घरगुती शब्द एकटा वापरायचा आणि जोडशब्दात संस्कृत घालायचं, हे आपण न शिकवता करतो. जपानीत संस्कृतच्या जागी चिनी. पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडशब्दात 'सुइ'. जलतरण म्हणजे 'सुइएइ'. हे एकदा ध्यानात आलं की दोन वाचनं हा जुलूम वाटत नाही.

लिहायला गणिताची चौकटीची वही घ्या, मोठ्या चौकटीची. एक कांजी, एक चौकट, रेघांच्या ठरलेल्या क्रमाने. मोबाइलवर बोटाने गिरवणं मला पटत नाही. पेनाने लिहिलेलं जास्त टिकतं, निदान आपल्या पिढीचं. आणि कांजीच्या माथ्यावर बारीक अक्षरांत उच्चार छापतात, त्याला फुरिगाना म्हणतात. चाळिशीच्या पुढे तो वाचणं ही शिक्षाच असते. पुस्तकाची पीडीएफ टॅबवर मोठी करून वाचा, डोळ्यांना त्रास देऊन काही साधत नाही.

कुठल्या कांजी आधी? तुमच्या. माझ्याकडे एक बाई क्रोशाच्या विणकामासाठी आल्या होत्या. जपानी नमुन्यांची पुस्तकं जगभरच्या विणकाम करणाऱ्यांत नावाजलेली आहेत. आकृती चिन्हांत असते, पण सूचना जपानीत. त्यांना पहिल्या काही आठवड्यांत 'कुसारि-आमि' वाचता आलं. कुसारि म्हणजे साखळी, तो आपला साखळीचा टाका. 'नागा-आमि' म्हणजे खांब. विणण्याच्या कांजीत डावीकडे 'इतो', म्हणजे दोऱ्याचं चिन्ह असतं. ते ओळखू लागल्यावर कागद, रेघ, गाठ बांधणे, हिरवा रंग, शेवट होणे, या सगळ्या कांजींत त्यांना तोच दोरा दिसायला लागला. परीक्षेच्या यादीप्रमाणे त्या चालल्या असत्या तर 'विणणे' ही कांजी वरच्या पातळीवर कधीतरी भेटली असती. त्या बाई आजही जपानीत गप्पा मारू शकत नाहीत. त्यांचं काही अडत नाही.

तुमच्या बाबतीत ती बाग. निवा म्हणजे बाग, इशि दगड, इके तळं, मात्सु पाइन, हाशि पूल. 'हाशि' म्हणजे जेवायच्या काड्याही. फरक सुराच्या चढउतारात, तो ऐकून ठेवा पण त्यावर झोप घालवू नका. तुम्ही रोज फिरता ती बाग ओकायामाच्या कोराकुएनच्या धर्तीवर केलेली आहे, आणि मूळ कोराकुएन १७०० मध्ये पुरी झाली. तिच्याबद्दलचं जपानी माहितीपत्रक शोधा, वहीत उतरवा आणि पहिल्या वर्षाअखेर ते वाचता आलं पाहिजे असं ठरवा. अख्खं नाही, मथळे आणि चित्रांखालच्या ओळी. असं एक बारकंसं, स्वतःचं काम समोर असलं की धड्यातले तनाकासान आणि मिलरसान सुसह्य होतात.

पाठांतराचं म्हणाल तर साठीनंतर शब्द लवकर निसटतात हे खरं आहे, नाकारून काय होणार. त्यावर अंतराअंतराने उजळणी हाच उतारा. 'अंकी' नावाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट. विसरायच्या बेतात असलेला शब्द ते पुन्हा समोर आणतं. दुसऱ्याचे तयार संच उतरवून घेऊ नका. धड्यातली स्वतःची वाक्यं घाला, एकेकटे शब्द नकोत, आणि दिवसाला सात-आठ नव्यांच्या वर जाऊ नका. दोन दिवस खाडा झाला की साठलेल्या उजळणीचा ढीग बघून लोक ॲपच काढून टाकतात, म्हणून आकडा लहान ठेवायचा. खेळासारखी जी ॲप्स आहेत, रोज हजेरी लावली की शाबासकी देणारी, ती लिपी ओळखण्यापुरती बरी. पुढे माणूस हजेरीसाठी शिकतो.

क्लास लावावा का? पहिलं वर्ष लावा, मुख्यतः उच्चारासाठी आणि वेळ बांधली जाते म्हणून. पुण्यात सोय चांगली आहे: फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी आहे, खाजगी वर्ग तर गल्लोगल्ली. प्रवेश घेण्याआधी एवढंच विचारा की तुकडी कशासाठी बसवली आहे. नोकरीसाठी पळणाऱ्या तुकडीत वर्षभरात दोन पातळ्या संपवतात. तिथे तुमची दमछाक होईल आणि दोष वयाला द्याल. आठवड्यातून दोनदा, दीड तास, पंधराच्या आत विद्यार्थी, आणि शंका मराठीत विचारता येतील असे शिक्षक. चौथी अट सगळ्यात महत्त्वाची. विशीतल्या मुलांबरोबर बसायचा संकोच पहिले तीन-चार तास टिकतो. नंतर तीच मुलं तुम्हाला प्रत्यय विचारायला येतात, कारण षष्ठी आणि सप्तमी त्यांनी ऐकलेली नसते.

घरच्या अभ्यासाला पैसे घालवू नका. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरि' हे तीन भागांचं पुस्तक आवाजासकट मोफत उतरवून घेता येतं. डॉक्टरकडे, दुकानात, शेजाऱ्याशी बोलणं असं रोजचं साहित्य त्यात आहे, साठीच्या माणसाला ते जवळचं वाटतं. एनएचके वर्ल्डचे सोपे जपानी धडे हिंदीतही आहेत. हिरागाना पक्की झाली की तादोकुची, म्हणजे भरपूर सोपं वाचत जाण्याच्या पद्धतीची, चित्रमय गोष्टींची पुस्तकं घ्या, तीही बरीचशी मोफत, अगदी तळच्या पातळीपासून. त्यांचे नियम मला फार आवडतात: सोप्यातून सुरू करा, शब्दकोश उघडू नका, अडलं तर ओलांडून जा, कंटाळा आला तर पुस्तक टाकून दुसरं घ्या. आयुष्यभर हिशेब जुळवलेल्या माणसाला तिसरा नियम सगळ्यात जड जातो, असा माझा अनुभव.

वेळेचं गणित विचाराल तर रोज अर्धा-पाऊण तास धरला तर दोन्ही लिप्या दीड-दोन महिन्यांत, आणि पाठ्यपुस्तकाचा पहिला भाग, पंचवीस धडे, वर्ष ते दीड वर्षात. रविवारी एकदम चार तास बसून ते होत नाही.

राहिली परीक्षा. जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेच्या प्रावीण्याची परीक्षा, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यातही केंद्र आहे, वयाची अट नाही. एन ५ सर्वांत खालची, एन १ सर्वांत वरची. सगळे प्रश्न पर्यायी उत्तरांचे. बोलायचं नाही, लिहायचं नाही. एन ५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी १९ आणि उरलेल्या भागात १२० पैकी ३८ वेगळे मिळवावे लागतात. आपली मंडळी पडतात ती ऐकण्यात. ध्वनिफीत एकदाच वाजते आणि मागे फिरता येत नाही. म्हणून द्यायची असेल तर आधीचे तीन महिने रोज पंधरा मिनिटं कानाला काढा, आणि कानाची तपासणी बरेच दिवसांत केली नसेल तर तीही करून घ्या. 'स' आणि 'श' ऐकू न येण्याचं कारण दर वेळी जपानी नसतं.

तुम्हाला परीक्षेची गरज नाही. पण पहिल्या दीड वर्षाला शेवटाची तारीख हवी असेल तर एन ५ जरूर द्या. एन ४ ला बसायचं की नाही ते पुस्तकाचा दुसरा भाग निम्मा झाल्यावर ठरवा. एन ३ च्या तयारीत मात्र शिरू नका. तिथून अभ्यासाला नोकरीचा वास यायला लागतो आणि बागेची पत्रकं मागे पडतात. प्रवेश सुरू व्हायच्या आत एकदा वर्गावर येऊन मागे बसून बघा. कुठलाही बरा शिक्षक एक तास बसू देतो, आणि देत नसेल तर तिथे पैसे भरू नका.